तांडेलसाहेबांची शाकारणी

मोतीराम तांडेल गेले, आणि त्यांच्या घरी वस्तू परत यायला लागल्या.

मी भेटायला गेले तेव्हा वरळी कोळीवाड्यातल्या त्या दोन खोल्यांत त्यांच्या पत्नी, जनावहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. माणसं वाकून दारातून आत येत होती आणि काही ना काही ठेवून जात होती. एकाने रेडिओ आणला. एकाने लग्नकार्यात लागतं तसलं मोठं तपेलं आणलं. स्टो आला, शिडी आली. पलीकडच्या गल्लीतली एक बाई शिलाईचं यंत्र हातगाडीवर घालून घेऊन आली. "हे मामांचं," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

वहिनींनी डोळे पुसून त्या यंत्राकडे पाहिलं. "हे आमचं?" त्यांनी मलाच विचारलं. "अगं, मी जन्मभर ह्यांना सांगत होते, घरात एक शिलाईचं यंत्र घ्या. हे म्हणायचे, आपलं आहे की. मला वाटायचं, थट्टा करतात."

"थट्टा नव्हती, वहिनी."

"नव्हती ना? बघ, आपण एवढे श्रीमंत होतो ते आत्ता कळलं." आणि त्या सुतकाच्या घरात त्या हसल्या. मीही हसले. तांडेलसाहेबांच्या घरून हसल्याशिवाय कोणी बाहेर पडत नसे. ती रीत त्या दिवशीही मोडली नाही.

त्यांची एक वस्तू माझ्याकडेही आहे. ती मी परत नेली नाही. का नेली नाही ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही म्हणून शहर धुमसत होतं, त्या वर्षांत मी करी रोडच्या एका गिरणी कंपनीच्या कचेरीत लागले. मॅट्रिक झाले होते. वडिलांना छातीच्या विकारामुळे गिरणी सोडावी लागली होती, आणि परळच्या आमच्या खोलीत पगार आणणारी मी एकटीच होते. तीही टेंपररी. कंपनीच्या तीन गिरण्या होत्या, एक लालबागला, एक परळला आणि एक कचेरीला लागूनच. तिन्ही गिरण्यांचा पगार यंत्रावर काढायचा, असं मालकांनी ठरवलं होतं. प्रत्येक कामगाराचं एक जाड कार्ड असे. त्याची हजेरी, पाळी, कपात हे सगळं आम्ही मुली कळा दाबून, कार्डाला भोकं पाडून नोंदवत असू. कार्डांचा गठ्ठा मोठ्या यंत्रात घातला की ते खडखडाट करत बेरजा करी आणि पगाराच्या चिठ्ठ्या छापी. हे मोठं यंत्र विकत मिळत नसे. परदेशी कंपनी ते महिन्याच्या भाड्याने देई, आणि ते भाडं ऐकून आमच्या वडिलांनी पुन्हा विचारलं होतं, "महिन्याचं की वर्षाचं?"

मोठ्या यंत्रापासून ते खात्याखात्यांतल्या टाईपरायटरपर्यंत कचेरीतल्या सगळ्या यंत्रांचे प्रमुख म्हणजे तांडेलसाहेब. उंच, काळेभोर, कडक इस्त्रीची पांढरी पँट, टाय, आणि टायला सोन्याचा इवलासा मासा टाचलेला. विनय हा गुण त्यांच्यात औषधालाही नव्हता. "ह्या कंपनीत हुशार माणसं दोन," ते म्हणत. "दुसरा कोण ते अजून सापडलेलं नाही." पिढ्यान् पिढ्या दर्यावर जाणाऱ्या घरातला हा मुलगा कचेरीत कसा आला, असं मी एकदा विचारलं. ते इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "मला बोट लागते गो. आडनाव तांडेल, म्हणजे होडीचा नायक, आणि बंदराबाहेर पडलो की ओकाऱ्या. बाबा म्हणाले, घराण्याची अब्रू जायच्या आधी तू शिकायला जा."

हॉलमध्ये शिरले की ते उजव्या हाताची पालथी बाजू प्रत्येक यंत्राच्या अंगाला लावत जात, आई पोराचा ताप बघते तशी. यंत्र गरम लागलं की मान हलवून पुढे. गार लागलं की थांबत. "गार यंत्र म्हणजे किनाऱ्यावर पडलेली होडी," ते म्हणत. "काही खात नाही असं वाटतं. पण लाकूड खाते, डांबर खाते आणि मालकाची झोप खाते."

हे विजेवरच्या यंत्रांचं झालं. टाईपरायटर गरम कुठला व्हायला? त्यासाठी त्यांनी निराळी युक्ती काढली होती. कोळीवाड्यातून येताना ते खिशात कागदाच्या पुडीत सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, आणत, आणि कोणाचं लक्ष नसताना यंत्राच्या कळांच्या खाली एकेक जवळा सोडून देत. महिन्याने जाऊन बघायचं. यंत्र चालत असेल तर जवळा चिरडून गेलेला असे किंवा कोणी झटकून टाकलेला असे. जसाच्या तसा दिसला, तर ते यंत्र त्या खात्यात शोभेला ठेवलेलं आहे.

ही युक्ती हिशेबखात्याच्या मेहतासाहेबांपर्यंत पोचली तेव्हा कचेरीत जो गोंधळ झाला तो मी विसरणार नाही. मेहतासाहेब कांदासुद्धा न खाणारे. रुमालात काहीतरी धरून, हात अंगापासून लांब ठेवून ते आमच्या हॉलमध्ये आले.

"तांडेल! हे शुं छे?"

"जवळा, साहेब."

"माझ्या मशीनमध्ये?"

"तो गणपतीपासून तिथंच आहे. म्हणजे गणपतीपासून त्या मशीनला कोणी हात लावला नाही. आज कशी काय आठवण झाली?"

"अरे, वास आला म्हणून उघडली!"

"बघा," तांडेलसाहेब आमच्याकडे वळून म्हणाले, "वास आला नसता तर आजही उघडली नसती."

प्रकरण मॅनेजर पंथकीसाहेबांकडे गेलं. ते पारशी, म्हातारे, कुणाशी वाईटपणा न घेणारे. त्यांनी निवाडा दिला, "तांडेल, मेहताच्या खात्यात तू मच्छी नाय टाकायची. दुसरा कायतरी टाक." तेव्हापासून मांसाहारी खात्यांत जवळा आणि शाकाहारी खात्यांत लवंग असा नियम झाला. मेहतासाहेबांचं ते यंत्र मात्र टपालखात्यात गेलं. तिथे दोन माणसं एका टाईपरायटरवर पाळीपाळीने काम करत होती आणि नवा टाईपरायटर मागत होती.

पण त्यांचा खरा सोहळा म्हणजे शाकारणी. पावसाळा तोंडावर आला की कोळी लोक होड्या किनाऱ्यावर ओढतात, फळीन् फळी तपासतात, झावळ्यांनी शाकारून ठेवतात, आणि नारळी पुनवेनंतर पुन्हा पाण्यात सोडतात. तांडेलसाहेबांनी कचेरीला तोच शिरस्ता लावला होता. त्या दिवसांत ते सगळ्या खात्यांतली सगळी लहान यंत्रं आमच्या हॉलमध्ये आणवत. टाईपरायटर, हाताने फिरवायची बेरजेची यंत्रं, स्टेन्सिलची यंत्रं, सगळी रांगेने मांडलेली. खाती ओरडत. ज्यांचं यंत्र वर्षभर मोडून पडलेलं होतं ती सगळ्यांत जास्त ओरडत. "मोडकं असलं तरी आमचं आहे!" तांडेलसाहेब शांतपणे तीन मोडक्यांतून एक चालतं यंत्र करत. एकाचा रूळ, दुसऱ्याच्या कळा, तिसऱ्याची घंटा. मग ज्याला लागेल त्याला, लागेल तेवढंच परत. त्यांच्या आधी दर वर्षी नव्या यंत्रांची मागणी वर जात असे. ते आल्यापासून ती बंद झाली होती.

यंत्रं परत द्यायच्या दिवशी हॉलमध्ये नारळ फुटे. मी लागले त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तोवर आमच्या चाळीत दीक्षा झाली होती, आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर आली होती. हळदकुंकवाचं तबक फिरत माझ्यापर्यंत येणार, आपण नको म्हटलं तर काय होईल, या विचाराने मी कोपऱ्यात उभी होते. तांडेलसाहेबांनी लांबून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शांता, तिथं काय उभी? पूजेचं मी बघतो. तू हिकरं ये आणि खोबरं कातायला बस. काम करणारं माणूस लागतं की नाही?" मी विळी घेऊन बसले. तबक मला वळसा घालून पुढे गेलं. त्यावर ते पुढे कधी एक शब्द बोलले नाहीत.

त्याच शाकारणीत एक यंत्र असं निघालं की त्याला कोणी धनीच नव्हता. मराठी टाईपरायटर. चळवळीच्या दिवसांत कामगारांनी मराठीत नोटिसा मागितल्या म्हणून कंपनीने तो घेतला होता, आणि मराठी टंकन कोणालाच येत नव्हतं. त्यातला जवळा अगदी ताजा वाटावा इतका अखंड होता. तांडेलसाहेबांनी तो चिमटीत धरून मला दाखवला. "तू जेवणाच्या सुट्टीत पुस्तकं वाचतेस ना? मग अर्धी सुट्टी पुस्तकाला, अर्धी हिला. हिला गरम ठेव." मी शिकले. कुठलीही नोटीस नसली तर वाचलेल्या पुस्तकांतलं आठवेल ते टाईप करत बसे.

दुपारच्या डब्याच्या वेळी मुंबई कोणाची हा विषय निघायचाच. मेहतासाहेब म्हणायचे, मुंबई व्यापाऱ्यांनी वसवली. आमच्यातली इंदू, तिचे वडील करी रोडच्या गिरणीत रात्रपाळीला, ताडकन म्हणायची, "वसवली तुम्ही, पण चालवली कोणी?" दोघं हातघाईवर आले की तांडेलसाहेब भाकरीचा तुकडा मोडत म्हणत, "तुम्ही दोघं काय ते ठरवून घ्या. ठरलं की आम्हा कोळ्यांना भाडं कधीपासून देताय, तेवढं कळवा." मेहतासाहेबही हसत. पण मोर्चा निघाला की तांडेलसाहेब त्यात असत. टाय लावून घोषणा देणारा माणूस मी तेवढाच पाहिला.

अशाच एका हरताळाच्या महिन्यात हजेऱ्यांचा गुंता झाला, कार्डं पुन्हा पुन्हा करावी लागली, आणि पगार वेळेवर निघाला नाही. फाटकावर कामगार जमले. मालक घाबरले. त्यांनी निरोप पाठवला की एक यंत्र पुरत नाही, दुसरं भाड्याने घ्या, मात्र खर्च वाढता कामा नये. पंथकीसाहेबांनी तांडेलसाहेबांना काचेच्या खोलीत बोलावलं. काच पातळ होती आणि आम्ही चार टेंपररी मुली तिच्याजवळच बसत होतो.

"दुसरी मशीन आली तर भाडा कुठून काढू? चार छोकऱ्या टेंपररी आहेत. त्यांना सोडावा लागेल. मला बी बरा नाय वाटत, पण काय करू?"

कळा दाबणारे आमचे हात थांबले. इंदूने माझा हात धरला. तिचा हात गार होता, हे मला तांडेलसाहेबांमुळेच सुचलं असणार.

आतून तांडेलसाहेबांचा आवाज आला. "साहेब, दुसरी होडी आणायची गरज नाही असं मी येत्या पगाराला दाखवलं, तर?"

"तर बहोत चांगला."

"तसं नाही. आमच्याकडं होडी परत आली की मासळीचे वाटे पडतात. एक वाटा होडीचा, एक जाळ्याचा, बाकीचे माणसांचे. दुसरी होडी आणलीच नाही तर तिचा वाटा कोणाला?"

"तू मला दर्याचा कायदा शिकवते?"

"वाटा कोणाला, साहेब?"

"माणसांना," पंथकीसाहेब म्हणाले. "चल, दिला शब्द. पण पगार वेळेवर झाला तर. नाय तर मी मशीनच्या कागदावर सही करणार."

बाहेर आल्यावर ते आमच्याकडे पाहून हसले नाहीत. हे पहिल्यांदाच घडत होतं. ते मोठ्या यंत्रापाशी गेले आणि त्यांनी हात लावला. मग घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा हात लावला. पगाराच्या ऐन आठवड्यात, भर दुपारी, ते यंत्र गार होतं.

त्याचं कारण होतं पाट. यंत्राने कोणत्या बेरजा कशा करायच्या हे त्याला एक पाट सांगे. त्यावर ओळीने भोकं असत आणि त्यांत तारा खोवलेल्या असत. पाट बदलला की तेच यंत्र निराळं काम करी. "होडी तीच," तांडेलसाहेब म्हणत. "डोल लावली तर बोंबील, दुसरं जाळं लावलं तर पापलेट." तिन्ही गिरण्यांची पगाराची रीत थोडी थोडी निराळी. त्यामुळे आमच्या हॉलमधल्या दोन-चार पाटांवरच्या तारा काढायच्या, दुसऱ्या गिरणीसाठी पुन्हा खोवायच्या, आणि तोवर यंत्र उभं. भाडं मात्र चालूच. कंपनीने घेतलेले बाकीचे पाट गेले कुठे? तर प्रत्येक गिरणीच्या पगार-अधिकाऱ्याने "आमचे पाट" म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवले होते.

"जाळी कपाटात वाळतायत," तांडेलसाहेब म्हणाले, "आणि आपण होडी कमी पडते म्हणून रडतोय."

परळच्या आणि करी रोडच्या अधिकाऱ्यांनी कुरकुरत पाट दिले. लालबागचे राणे देईनात. राणे मालवणचे, कंपनीवर जीव टाकणारे, आणि म्हणूनच कंपनीची वस्तू कंपनीलाही न देणारे. तीनदा माणूस पाठवला, तीनदा नकार आला. मध्येच पुन्हा हरताळ पडला. त्या दिवशी सगळं बंद. सकाळी आमच्या चाळीखालून हाक आली, "शांता, खाली ये गो! पाहुणचाराला जायचंय." तांडेलसाहेब वरळीहून चालत आले होते. हातात सुक्या बोंबलांची जुडी, गळ्यात टाय.

"आज हरताळ आहे ना?" मी विचारलं.

"काम बंद आहे. पाहुणे म्हणून जायला बंदी नाही. आणि तू ये, तू गप्प बसतेस. गप्प बसणारं माणूस समोर असलं की राण्यांना बोलायची लाज वाटेल."

लालबागच्या चाळीत राणे बनियनवर बसले होते. बोंबील घेतले, चहा सांगितला, आणि आम्ही काही म्हणायच्या आतच म्हणाले, "पाट मी देवचंय नाय. कंपनीन ते माका दिल्यान. हरवले तर जबाबदार कोण? मी ते कचेरीतसुद्धा ठेवूक नाय, घरी आणलंय."

"घरी?" तांडेलसाहेबांनी कप खाली ठेवला.

"कॉटच्या खाली. धोतरात गुंडाळून."

राण्यांनी वाकून धोतराचं गाठोडं काढलं आणि मोठ्या अभिमानाने सोडलं. त्यात एक पाट कमी होता. राण्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कॉटखाली पुन्हा पाहिलं, कोनाड्यात पाहिलं. तांडेलसाहेब मात्र खिडकीकडे बघत होते. खिडकीत, उन्हाच्या तुकड्यात, कंपनीच्या पाटावर कोकमाची सोलं वाळत होती.

राणेवहिनी चहा घेऊन आल्या. नवऱ्याची नजर कुठे आहे ते पाहून दचकल्या. "गे माय! ता कंपनीचा? माका वाटला, कसली तरी चाळण. ह्यांनी काय सांगूक नाय."

राण्यांना हसावं की रडावं ते कळेना. तांडेलसाहेब उठले, एक सोल उचलून तोंडात टाकलं, आणि गंभीरपणे म्हणाले, "राणे, घाबरू नका. हा पाट तुमच्या कॉटखालच्या दिवसांपेक्षा इथं जास्त कामाला आला. वहिनींचं चुकलं नाही. पडलेल्या वस्तूचा त्यांनी उपयोग केला." मग राणे हसले, आणि हसलेला माणूस कुलूप लावू शकत नाही. गाठोडं आम्हाला मिळालं. सोलांसकट एक पाट राणेवहिनींकडे आणखी दोन दिवस राहिला, कारण ती अर्धवट वाळली होती.

पाट आले. आता तारा वारंवार काढायची गरज नव्हती. तांडेलसाहेबांना मात्र तेवढ्याने समाधान नव्हतं. तिन्ही गिरण्यांत सारखी असलेली कामं त्यांनी एकाच पाटावर घेतली, आणि पगाराच्या आधी एक चाचणी लावली. यंत्र न थांबता चाललं. ते त्याच्या अंगावर हात ठेवून उभे होते. "तापलं गो! भाकरी भाजशील एवढं तापलं!"

इंदूने करी रोडच्या चिठ्ठ्यांतून आपल्या वडिलांची चिठ्ठी उचलली. वाचली. पुन्हा वाचली.

"साहेब, माझे बाबा लालबागच्या गिरणीच्या दुकानातून धान्य कधीपासून घ्यायला लागले?"

लालबागला गिरणीचं धान्य-दुकान होतं आणि त्याचे पैसे पगारातून कापत. करी रोडच्या कार्डात त्याच जागी रात्रपाळीचा भत्ता असे. एकच पाट दोघांना लावताना ते तांडेलसाहेबांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. जी माणसं रात्रभर जागली होती, त्यांना जादा पैसे मिळण्याऐवजी न खाल्लेल्या धान्याचे पैसे कापले जात होते. चिठ्ठ्या खऱ्या असत्या तर फाटकावर काय झालं असतं! आणि आमच्या चौघींचं काय झालं असतं, ते निराळंच.

मला वाटलं, ते रागावतील. ते स्टुलावर बसले, टायची गाठ सैल केली, आणि मनापासून हसले. "तीन गावची जाळी एकत्र विणली आणि मासा कुठल्या गावचा हे विचारलंच नाही. इंदू, आजपासून कंपनीतला दुसरा हुशार माणूस सापडला." मग त्यांनी आम्हा चौघींना यंत्राभोवती बसवलं. कोणाच्या घरचं कोण कुठल्या गिरणीत, कुठल्या पाळीत, काय कापतात, काय मिळतं, हे एकेकीला विचारत पाट पुन्हा लावला. पुढची चाचणी आम्हीच तपासली, आपापल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नावांनी.

पगार वेळेवर झाला. दुसरं यंत्र आलं नाही. पंथकीसाहेब स्वतः हॉलमध्ये आले, काठी टेकत, आणि म्हणाले, "तांडेल, होडीचा वाटा. चारी छोकऱ्या पक्क्या." आणि जाता जाता आमच्याकडे वळून, "त्याला थँक्यू बोलू नका, डोक्यावर चढेल. आधीच चढलेला आहे."

त्या पगारावर माझ्या वडिलांचं औषध सुरू राहिलं, धाकटी बहीण शिकली. मी त्याच कंपनीत निवृत्त झाले.

महाराष्ट्र झाला, गुजरात वेगळा झाला, त्या दिवसांत मेहतासाहेबांनी कचेरीत पेढे वाटले. म्हणाले, "भांडण संपला, आता तोंड गोड करा." तांडेलसाहेबांनी त्यांना नारळाच्या वड्यांचा डबा दिला. मेहतासाहेबांनी तो नाकाशी नेऊन हुंगला. "ह्यात काय टाकला आहे? लवंग की ते दुसरा?"

"वेलची," तांडेलसाहेब म्हणाले. "आता आपलं एका घरात नाही ना. पाहुण्याला वेलची."

पुढे ती यंत्रं जुनी झाली. मोठं यंत्र गेलं, त्याच्या जागी आणखी मोठं, थंड खोलीत ठेवावं लागणारं आलं. तांडेलसाहेब निवृत्त व्हायच्या सुमारास जुन्या टाईपरायटरांची विक्री निघाली. एका रविवारी ते आमच्याकडे आले ते हमालाच्या डोक्यावर मराठी टाईपरायटर घेऊन. रीतसर पैसे भरून त्यांनी तो घेतला होता.

"ही तुला दिलेली नाही," त्यांनी जागच्या जागी बजावलं. "माझी आहे. चालवशील तोवर तुझ्याकडं राहील. गार पडली तर घेऊन जाईन. दुसरं कोणी तरी असेलच."

मी काय लिहीत असे ते त्यांनी कधी विचारलं नाही. वर्षातून एकदा, पाऊस तोंडावर आला की ते येत. चहा घेत, वडिलांच्या तसबिरीकडे पाहत, जनावहिनींच्या तक्रारी सांगत. निघताना यंत्राच्या पाठीवरून हात फिरवून जिना उतरत.

शेवटचे आले तेव्हा त्यांना जिना चढवत नव्हता. मध्ये दोनदा थांबले. टाय होता, मासाही होता. शर्टाची कॉलर मात्र सैल झाली होती. निघताना नेहमीसारखा यंत्रावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी लिहायला बसले, पहिली कळ दाबली, आणि खाली काहीतरी चुरचुरलं. कळांच्या मध्ये एक सुका जवळा होता. थोडा चेपलेला.

मी तो कागदाच्या पुडीत बांधला आणि त्याच आठवड्यात वरळीला गेले. होड्या ओढून झाल्या होत्या, त्यांच्यावर झावळ्या चढत होत्या. तांडेलसाहेब एका होडीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते आणि शाकारणाऱ्या माणसांना फुकटचे सल्ले देत होते. मी पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली. जवळा उन्हाकडे धरून पाहिला, चेपलेली बाजू नखाने चाचपली.

"दुसऱ्याच दिवशी?"

"दुसऱ्याच दिवशी."

त्यांनी तो तोंडात टाकला आणि सावकाश चावून खाल्ला.

"मग काय," ते म्हणाले, "राहू दे तुझ्याकडंच."

मी निघाले. गल्लीच्या वळणावरून मागे पाहिलं तेव्हा ते खुर्चीतून उठले होते. रांगेतल्या पहिल्या होडीच्या अंगाला त्यांनी हाताची पालथी बाजू लावली, क्षणभर थांबले, आणि पुढच्या होडीकडे गेले.